चिमाजीअप्पा आणि नारोशंकराची घंटा

नाशकात ज्याचे बालपण गेले त्यास नारोशंकराची घंटा ठाऊक नाही असे सहसा घडत नाही. कोणाचा आवाज आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाऊ लागला, की त्यास नारोशंकराची घंटा म्हणण्याची आमच्या गावाची जुनी रीत आहे. पंचवटीच्या बाजूस, रामकुंडापासून जवळच, नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधविलेले रामेश्वराचे दगडी देवालय आहे. त्याच्या नदीकडील दर्शनी भिंतीवरच्या घुमटीत ही प्रचंड घंटा टांगलेली असून तिच्यावर १७२१ हे इसवी सन आहे. देवालय बांधण्यापूर्वी सव्वीस वर्षे, आणि तेही ख्रिस्ती कालगणनेचे! ज्याने ज्याने ते आकडे लक्षपूर्वक पाहिले त्याच्या मनात प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही.

वरच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही एकदा गोदाघाटावर गेलो होतो, तेव्हा हाच प्रश्न निघाला. वसईच्या मोहिमेत ही घंटा पोर्तुगीजांकडून मिळाली अशी परंपरा आहे, एवढे आम्ही सांगितले. त्यावर एक विद्यार्थी अभिमानाने म्हणाला की ही आमच्या पूर्वजांनी जिंकून आणलेली घंटा होय. त्याच्याच बाकावर बसणारा दुसरा विद्यार्थी ख्रिस्ती घरातला. तो हळूच म्हणाला की ती आमच्या देवळातून उचलून आणलेली आहे. दोघे जिवलग मित्र. पण त्या दिवशी परत येताना एकमेकांशी बोलले नाहीत. सर्व मुले आमच्या तोंडाकडे पाहत होती. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहोत आणि मराठेही आहोत, म्हणजे महाराष्ट्राच्या मातीत वाढलेले आहोत; तरी त्या क्षणी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. उत्तर द्यावयाचे तर ज्या पुरुषाने वसई घेतली त्याचे चरित्र प्रथम सांगितले पाहिजे. ते आज सांगतो.

चिमाजी बल्लाळ ऊर्फ चिमाजीअप्पा हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे धाकटे चिरंजीव. जन्म सुमारे १७०७ सालचा. मातोश्री राधाबाई करारी व व्यवहारदक्ष होत्या. थोरले बंधू बाजीराव अप्पांहून सुमारे सात वर्षांनी मोठे. १७२० च्या एप्रिलात वडील वारले, बाजीरावांस पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि तेराएक वर्षांच्या या मुलावर भावाच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारी येऊन पडली. ती त्याने जन्मभर सोडली नाही.

दोघा भावांच्या प्रकृतीत मोठा फरक होता. बाजीराव म्हणजे वीज. घोड्यावर खाणे, घोड्यावर झोपणे, आज येथे तर उद्या पन्नास कोसांवर. अप्पांचे शरीर पहिल्यापासून अशक्त. परंतु हिशेब पाहणे, रसद पुरविणे, रुसलेल्या सरदारास समजाविणे, साताऱ्यास शाहू महाराजांचे मन राखणे, ही ज्या कामांस टाळ्या मिळत नाहीत ती कामे ते निमूटपणे करीत. म्हणून त्यांस केवळ कारकून समजू नये. १७२८ च्या नोव्हेंबरात माळव्यात अमझेऱ्याच्या लढाईत मोगलांचा सुभेदार गिरधरबहादूर व त्याचा आप्त दयाबहादूर हे दोघेही पडले आणि माळव्याचा दरवाजा मराठ्यांस मोकळा झाला. त्या सैन्याचे आधिपत्य एकवीस वर्षांच्या अप्पांकडे होते. पुढे १७३६ मध्ये कोकणात जंजिऱ्याच्या सिद्दीचा पराक्रमी सरदार सिद्दी सात यास त्यांनी रणात गाठून मारिले.

घरच्या सुखाची वाटणी मात्र दैवाने त्यांस तोकडीच केली होती. १७३० च्या ऑगस्टात पुत्र सदाशिव जन्मला आणि थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई वारल्या. हाच पुत्र पुढे पानिपतचा सदाशिवरावभाऊ म्हणून प्रसिद्धीस आला. आई गेलेल्या त्या लेकरास आजी राधाबाईंनी वाढविले. बापाचे दिवस छावणीत जात होते.

आता ज्या मोहिमेने अप्पांचे नाव अजरामर केले तिच्याकडे वळू. गुजराथचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली वसई व तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांस तोडून दिला. तेव्हापासून दोन शतके उत्तर कोकणची ही किनारपट्टी फिरंगाण म्हणून ओळखली जात होती. खाडीच्या अलीकडे कल्याण-भिवंडी मराठ्यांची, पलीकडे साष्टी व वसई फिरंग्यांची, अशी ती सरहद्द होती. पाणी एक, भाषा एक, शेतकरी-कोळी एकाच जातगोताचे. परंतु एका काठावर जो सण उघडपणे होई तो दुसऱ्या काठावर चोरून करावा लागे. वसईत भव्य मठ व प्रार्थनामंदिरे उभी राहिली, विद्यालये निघाली. नागासाकी येथे १५९७ साली धर्मासाठी प्राण देणारे संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मले. याच पोर्तुगीज अमलात गोमंतकात राहून फादर स्टीफन्स यांनी आपल्या मराठी भाषेत ख्रिस्तपुराण रचिले. हे सर्व खरे आहे. पण याच सत्तेने हिंदूंची देवळे पाडली, त्यांच्या उघड पूजाअर्चेस बंदी केली, पोरक्या हिंदू मुलांस नातलगांपासून काढून ख्रिस्ती करण्याचे कायदे केले, आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय बसविले, ज्याचा धाक वसईपर्यंत पोहोचत होता. हेही तितकेच खरे आहे. प्रभूचे नाव घेऊन जे जुलूम झाले ते सांगताना ख्रिस्ती लेखणीने अडखळू नये असे आम्हांस वाटते. ज्या धर्माचा पाया प्रेम आहे तो शिपायाच्या पहाऱ्यात पसरविला, की त्याचे नाव राहते आणि जीव जातो.

या जाचास कंटाळलेल्या लोकांत अणजूरचे नाईक घराणे प्रमुख होते. गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी वर्षानुवर्षे पेशव्यांकडे खेपा घातल्या, वाटा-उतार दाखविण्याचे व माणसे मिळवून देण्याचे पत्करिले. दुसरीकडे पोर्तुगीज ठाण्यास नवा किल्ला बांधू लागले होते; तो पुरा झाला असता तर खाडी ओलांडणे दुष्कर झाले असते. म्हणून १७३७ च्या मार्च अखेरीस अप्पांच्या फौजेने अवचित खाडी ओलांडून ठाणे घेतले आणि पाहता पाहता साष्टी बेट मराठ्यांच्या हाती आले. वसई मात्र येईना. त्या वर्षी शिड्या लावून केलेले हल्ले तटावरून परतवून लावण्यात आले, आणि माणसे फुकट गेली.

वसईचा कोट तीन बाजूंनी पाणी व दलदल यांनी वेढलेला. जमिनीवरून जवळ जाता येई ते उत्तरेकडूनच, आणि त्याच बाजूस भक्कम बुरूज. समुद्रावर पोर्तुगीजांची जहाजे. मराठ्यांचा भरवसा घोड्यावर, आणि येथे घोडा काय कामाचा! शिवाय १७३७ च्या अखेरीस बाजीराव भोपाळास निजामाशी गुंतले, तेव्हा निजामाच्या मुलाची कुमक अडविण्यासाठी अप्पांस तापीकाठी जाऊन बसावे लागले. मागे राहिलेल्या शंकराजी केशव फडके आदी मंडळींनी वेढा कसाबसा चालू ठेविला.

१७३८ च्या अखेरीस अप्पा पुन्हा कोकणात उतरले, ते हे काम संपविण्याच्या निश्चयानेच. ठाणे परत घेण्यासाठी आलेला पोर्तुगीजांचा सेनापती पेद्रु द मेलो तोफेचा गोळा लागून पडला. १७३९ च्या आरंभी माहीम, तारापूर वगैरे ठाणी एकामागून एक घेण्यात आली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर हा मोहरा कामास आला. मग फेब्रुवारीत वसईस मोर्चे लागले. पुढे मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे हेही येऊन मिळाले.

तीन महिने ही झुंज चालली. मराठे वाळूत चर खणून पुढे सरकत आणि बुरुजांच्या पायाशी सुरुंग नेत. आतील लोक उकळते व जळते पदार्थ, दगड, गोळे यांचा वर्षाव करीत. त्यांच्या शौर्यासही आपण मान दिला पाहिजे. गोव्याहून पुरेशी मदत येईना. मुंबईचे इंग्रज उघडपणे साह्य देण्यास कचरत होते. शेवटी कोटातील लोकांनी चर्चमधील रुप्याची पात्रे व काही पितळी तोफा इंग्रजांकडे गहाण ठेवून पैसा उभा केला, यावरून त्यांची दशा समजावी. इकडे त्याच सुमारास नादिरशहाने दिल्लीत कत्तल मांडिली होती, आणि फौज मोकळी होण्याची वाट बाजीराव उत्तरेच्या वाटेवर पाहत होते. वसई सोडून जावे तर दोन वर्षांचे रक्त पाण्यात जाणार. न जावे तर उत्तरेत काय होईल याचा नेम नाही. अप्पांच्या मनावरील हा भार आपण डोळ्यांपुढे आणावा. आपले मस्तक तोफेत घालून कोटात फेकावे, म्हणजे ते तरी वसईत पोहोचेल, असे ते निर्वाणीने सरदारांस म्हणाले, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर सांगतात. ती जशीच्या तशी घडली असो वा नसो, त्या दिवसांतील त्यांच्या मनाचे चित्र तीत खरे उतरले आहे.

मे महिन्याच्या आरंभी निकराचा हल्ला झाला. सुरुंग पेटविले, काही वेळेवर उडाले, काही उशिरा उडून आपलीच माणसे ढिगाऱ्याखाली गेली. लोक मागे हटले, पुन्हा चालून गेले. अखेर सेबास्तियन बुरुजास खिंडार पडले आणि मराठ्यांनी त्यावर पाय रोविला. आतील दारूगोळा संपला होता. कोटाचा मुख्य कायतानु द सौझ परैर याने तहाचे निशाण दाखविले. मराठ्यांकडील पाच हजारांहून अधिक माणूस या वेढ्यात पडले किंवा जखमी झाले.

आता यापुढील गोष्टीकडे आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. पाच हजार माणसांचे रक्त सांडल्यावर सेनेच्या मनात काय असते हे सांगावयास नको. दोनशे वर्षांच्या जाचाची उट्टी काढण्यास याहून चांगली संधी कोणती असणार! परंतु अप्पांनी दिलेल्या अटी अशा होत्या: शिबंदीने हत्यारांनिशी, निशाणे फडकावीत, वाद्ये वाजवीत, सन्मानाने बाहेर पडावे, ज्यांस जावयाचे असेल त्यांनी बायकामुले व चीजवस्त घेऊन जहाजांवर चढावे, जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी व त्यांच्यासाठी काही प्रार्थनामंदिरे चालू राहावीत. त्यासाठी आठ दिवसांची मुदत दिली. जहाजे निघून गेली, तेव्हाच मराठ्यांचे निशाण वसईवर चढले. पुढच्या वर्षी चौल-रेवदंडाही पोर्तुगीजांच्या हातून गेले आणि उत्तरेस त्यांस दमण व दीव एवढेच उरले.

सगळेच चांगले झाले असे आम्ही म्हणत नाही. युरोपी पाद्र्यांस जावे लागले. साष्टीत व वसईत कित्येक चर्चे पाडली गेली किंवा ओस पडून ढासळली. त्यांच्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. भीमाशंकरास एक आहे. वाईजवळ मेणवलीस एक आहे व तिच्यावर बाल येशूस घेतलेल्या मरियेची आकृती आहे. आणि परंपरेप्रमाणे एक आमच्या नाशकात आहे. तथापि दिलेला शब्द अगदीच वाऱ्यावर गेला नाही, याला एका परक्याची साक्ष आहे. आंकेतील द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान १७६० च्या सुमारास साष्टीतून गेला, तेव्हा मराठ्यांच्या राज्यात हजारो ख्रिस्ती लोक देशी पाद्र्यांच्या हाताखाली आपला सण उघडपणे व थाटाने साजरा करीत असलेले त्याने पाहिले. ज्या भूमीत हिंदूंचा सण एके काळी चोरून होई, तेथेच विजयी हिंदूंनी ख्रिस्त्यांचा सण उघडपणे होऊ दिला. वसईच्या विजयातील खरा विजय हाच, असे आमचे मत आहे. आज वसईस गेले तर कोटातील भग्न मठांच्या आसपासच्या गावांत ख्रिस्ती कुटुंबे नांदत आहेत, आणि त्यांच्या घरांत मराठीच बोलली जाते.

अप्पांस विजयाचे सुख फार दिवस लाभले नाही. नवसाप्रमाणे वज्रेश्वरी देवीचे देवालय बांधविण्यात आले. पुढच्याच वर्षी, १७४० च्या एप्रिलात, ते व पुतणे नानासाहेब कुलाब्यास मानाजी आंग्र्यांच्या मदतीस गेले असता नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारल्याचे वर्तमान आले. मस्तानीच्या प्रकरणात घरच्या मंडळींनी जो कठोरपणा दाखविला त्यात अप्पांचाही हात होता. भावाची व आपली अखेरची भेट त्या कडवटपणाच्या छायेत गेली, हे शल्य त्यांस लागले असल्यास नवल नाही. त्यांनी नानासाहेबांस पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली आणि भावाच्या मागून आठच महिन्यांत, १७ डिसेंबर १७४० रोजी, पुण्यात देह ठेविला. वय अवघे तेहतीस. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई त्या काळच्या क्रूर रूढीप्रमाणे सती गेल्या. दहा वर्षांचा सदाशिव दोन्हीकडून पोरका झाला. मुठेकाठी ओंकारेश्वराजवळ अप्पांची समाधी आहे.

वसईचे पुढे काय झाले तेही सांगून टाकू. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यशवंतराव होळकरांच्या भीतीने पुण्याहून पळाले आणि १८०२ च्या डिसेंबरात याच वसईस इंग्रजांशी तह करून राज्याचे स्वातंत्र्य त्यांच्या हाती देऊन बसले. जे पाच हजारांच्या रक्ताने मिळविले होते ते त्रेसष्ट वर्षांनी, त्याच गावी, शाईच्या एका फटकाऱ्याने गेले. तट तेच होते, बुरूज तेच होते. त्यांच्या आत उभी राहणारी माणसे ती नव्हती. तेव्हा स्वातंत्र्याचे रक्षण दगड करीत नाहीत, एवढे तरी वसईकडून शिकावे.

आता त्या दोघा मित्रांच्या भांडणाकडे परत येऊ. जिंकून आणलेली, असे म्हणणारा खोटे बोलला नाही. त्या घंटेमागे पाच हजार घरांतील रडणे आहे आणि दोन शतकांचा जुलूम मोडल्याचा आनंद आहे. आमच्या देवळातील, असे म्हणणाराही खोटे बोलला नाही. कोणा कारागिराने ती प्रार्थनेस बोलाविण्यासाठीच भक्तिभावाने ओतली असेल, आणि ज्या दिवशी ती उतरविली त्या दिवशी कोणा म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईच्या डोळ्यांस पाणी आले असेल. दोघांची चूक एकच झाली: आपल्या वाट्याचे सत्य तेवढेच संपूर्ण सत्य, असे प्रत्येकाने मानिले. पहिल्याने हे ध्यानात ठेवावे की अप्पांचा मोठेपणा घंटा आणण्यात नसून शत्रूस सन्मानाने जाऊ देण्यात व राहिलेल्यांस त्यांचा देव ठेवू देण्यात आहे. त्यांचा अभिमान बाळगावयाचा तर शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखला पाहिजे. दुसऱ्याने हे ध्यानात ठेवावे की फिरंग्यांचे राज्य म्हणजे ख्रिस्ताचे राज्य नव्हे. त्यांचा पराभव हा आपला पराभव नाही, आणि ज्यांनी या देशातील गांजलेल्यांस सोडविले ते आपलेही पूर्वज होत.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलास घेऊन गोदाघाटावर जाल तेव्हा घंटेकडे बोट दाखवून अर्धीच गोष्ट सांगू नका. ठाण्याची खाडी, सेबास्तियनचा बुरूज, आठ दिवसांची मुदत आणि निघून जाणारी जहाजे, हे सर्व सांगा. अर्ध्या गोष्टीने अभिमान येतो किंवा राग येतो. पुऱ्या गोष्टीने शहाणपण येते.

हा लेख ते दोघे विद्यार्थी वाचतील, तेव्हा त्यांनी एकदा मिळूनच पंचवटीत जावे आणि त्या घंटेखाली क्षणभर उभे राहावे, अशी आमची इच्छा आहे. दोन धर्मांच्या लोकांस प्रार्थनेस बोलाविण्याचे भाग्य फार थोड्या घंटांच्या वाट्यास येते. तिची हाक ऐकण्याची सुबुद्धी परमेश्वर आम्हां सर्वांस देवो.